डाव्या कोपऱ्याचं नाव

बाळांनो,

तुमच्या फुटबॉल क्लबाने आजवरच्या सगळ्या खेळाडूंमधून सर्वोत्तम संघ निवडला आणि त्यावरून तुम्हा बहीणभावांत चार दिवस अबोला होता, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. मी तिला ती यादी पाठवायला सांगितली. अठरा जण मैदानावर, वर बदली खेळाडू, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याची जागा. तुमचा तो खेळ मी मेलबर्नला आले होते तेव्हा एकदा पाहिला आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळतात, लाथेने उंच उडवतात आणि तो झेलायला एकमेकांच्या पाठीवर चढतात. नियम मला अर्धेच कळले. पण ‘बॅक पॉकेट’ म्हणजे पाठीमागच्या कोपऱ्यात उभं राहून समोरच्याला गोल करू न देणारा माणूस, एवढं कळलं. तुमचं भांडण त्याच जागेवरून झालं म्हणे. नातीचं म्हणणं, निवडलेला माणूस त्या जागेवर कधी खेळलाच नाही. नातवाचं म्हणणं, रेकॉर्डमध्ये तसं लिहिलं आहे, म्हणजे खेळला.

कोण बरोबर, असं तुम्ही मला विचारलं आहे. आजीने आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, वह्या तपासल्या, समासाची रेघ वाकडी गेली तरी पोरांना उभं केलं, तेव्हा ती रेकॉर्डच्या बाजूने बोलेल असं नातवाला वाटलं असणार. मी बोलणार नाही. का, ते सांगते. सांगताना मला राग येईल, तो येऊ द्या. आणि या लिहिण्यात मी कोणाचंही नाव घालणार नाही. त्याचं कारण पुढे कळेल.

आपलं घर मुर्रीला, गोंदियाच्या कडेला. आता गाव कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं ते कळत नाही. पण नव्याण्णव साली, भंडाऱ्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा, आमच्या घरामागे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं होती. दिवाळीनंतर धान कापून झालं की त्यांतल्या एका बांधीतली धसकटं उपटायची, पाणी मारून माती बडवायची, चुन्याने रेषा मारायच्या, की कबड्डीचं मैदान तयार. गावात कबड्डी मंडळ होतं आणि तुमचे आजोबा त्याचे अध्यक्ष होते. मंडळात हौस भरपूर होती, पण कागद एक धड नव्हता. कोणत्या वर्षी कोण जिंकलं यावर चहाच्या टपरीवर मारामाऱ्या होत. एकदा वैतागून मी म्हटलं, मी लिहीत जाते. तेव्हापासून नोंदवही माझ्याकडे आली.

ती वही तुम्ही पाहिली आहे. लांबट, कापडी पाठीची. तारीख, गाव, समोरचा संघ, आपल्या सात जणांची नावं, आणि प्रत्येकापुढे चढाईचे गुण निळ्या शाईत, पकडीचे काळ्या शाईत. समोरच्यांच्या हद्दीत एकट्याने शिरायचं ती चढाई, आणि शिरलेल्याला परत जाऊ द्यायचं नाही ती पकड. वहीत खाडाखोड नाही. सामन्याला मी पाटावर बसून लिहायची आणि घरी येऊन पक्कं उतरवायची.

हे नीटनेटकेपण मला कुठून आलं, तेही सांगते. माझ्या वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी मुद्दाम बिघडवून लिहिलं होतं, जसं आमच्या समाजातल्या पुष्कळांचं लिहीत. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, पण दाखल्यावरचं ते नाव दुरुस्त करून घ्यायला वडिलांना पुढे किती तरी वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. मला त्यांनी नागपूरला मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकायला ठेवलं ते त्याच हट्टाने. आपल्या घरातलं कोणीतरी टेबलाच्या पलीकडे, लिहिणाऱ्याच्या जागेवर बसलं पाहिजे, असं ते म्हणत. मी बसले. तिथे बसून मी काय केलं ते ऐका.

नवा जिल्हा झाला तशा नव्या स्पर्धा आल्या आणि त्यांच्याबरोबर एक नियम आला, की संघातले सातही जण त्याच गावचे हवेत. नियम चांगला होता, पण पाळत कोणी नव्हतं. प्रत्येक गाव बाहेरून एखादा तगडा गडी आणायचंच. सरपंचाच्या सहीची यादी दिली की भागायचं, फोटो कोणी मागत नसे. म्हणून बाहेरच्या गड्याला गावातल्या एखाद्याचं नाव द्यायचे. ज्याचं नाव दिलं तो त्या दिवशी घरी बसायचा, नाहीतर तोंडात तंबाखूचा खर्रा धरून गर्दीत उभा राहायचा, आणि त्याचं नाव मैदानात खेळायचं.

याची एक कडक रीत होती. पाहुणा गडी गावात उतरला की त्याला खऱ्या नावाने हाक मारायची नाही. मैदानावर नाहीच, पण जेवायला वाढताना, पाणी देताना, स्टेशनवर सोडतानासुद्धा नाही. शेजारच्या एका गावाच्या पोरांनी ऐन सामन्यात सवयीने खरं नाव घेतलं होतं आणि पंचांनी सगळा संघ बाद केला होता. त्या धसक्याने आमच्याकडे तर खरं नाव विचारायचंच बंद झालं. माहीतच नसलं तर तोंडातून निघणार कसं, असा हिशोब.

आमचा डावा कोपरा, म्हणजे साखळीच्या डाव्या टोकाला उभा राहून पाय धरणारा गडी, असाच आला, दरेकसाहून. तिकडे डोंगर, जंगल आणि एक लहानसं स्टेशन. तो जंगलात मजुरी करायचा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, घरची थोडी धानाची शेती होती. तुमच्या आजोबांनी त्याला एका गावच्या जत्रेत खेळताना पाहिलं आणि आणलं. त्याला नाव मिळालं एका राईस मिलच्या मालकाच्या धाकट्या भावाचं. या धाकट्या भावालाच मी पुढे मिलवाले म्हणते; ते मंडळाचे सभासद होते. आमच्या पोरांच्या अंगावरच्या बनियन त्यांनीच दिलेल्या. पण मैदानाच्या चुन्याला त्यांचा पाय कधी लागला नव्हता.

मी आजोबांना म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही. ते म्हणाले, यादीत जे नाव आहे तेच वहीत हवं, उद्या कोणी वही मागितली तर काय दाखवणार? आणि सगळेच आणतात. मी दोन दिवस फुगून बसले आणि मग एक तोडगा काढला, ज्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. नाव यादीतलंच लिहायचं, पण त्याच्याशेजारी पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे पाहुणा. वहीच्या शेवटच्या पानावर तसं लिहूनही ठेवलं. माझ्या मनाची सगळी टोचणी त्या ठिपक्यात मावली. अकरा हिवाळे मी ठिपके देत राहिले. एकदाही मला त्या माणसाला त्याचं नाव विचारावंसं वाटलं नाही.

खेळायचा कसा, ते सांगितलं पाहिजे. दिसायला बुटका, काटक, केस कायम डोळ्यांवर. चढाईवाला हद्दीत शिरला की बाकीचे सहा जण त्याच्या तोंडाकडे बघत. हा जमिनीकडे बघायचा, जणू काही पडलं आहे ते शोधतो आहे. चढाईवाल्याला वाटायचं याचं लक्ष नाही. तो गुणासाठी पाय लांबवायचा आणि तो पाय परत जायचा नाही. घोटा याच्या दोन्ही हातांत असायचा. तिरोड्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने पुढे होतो. समोरून आलेला गडी याच्या दीडपट होता. याने घोटा धरला. त्या गड्याने याला मध्यरेषेपर्यंत फरफटत नेलं. वीतभर अंतर उरलं तेव्हा बाकीचे येऊन पडले आणि शिट्टी झाली. ढीग उठला तेव्हा याची डाव्या हाताची करंगळी मागे वळलेली होती. याने ती स्वतःच ओढून सरळ केली, गमछ्याची चिंधी गुंडाळली आणि परतीची गाडी मिळेल का विचारलं. मी वहीत लिहिलं: पकड, एक. नाव मिलवाल्यांचं. ठिपका.

करंगळी पुढे वाकडीच राहिली.

मग हळूहळू मातीच्या जागी मॅट आली, पायात बूट आले, फोटोची ओळखपत्रं आली. त्याला ‘येऊ नको’ असं कोणी म्हटलं नाही. फक्त निरोप जायचे बंद झाले. तुमचे आजोबाही त्याच सुमारास गेले.

पुढे मंडळाला पंचवीस वर्षं झाली आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं की आजवरचा सर्वोत्तम संघ निवडावा आणि समाजमंदिराच्या भिंतीवर सात जणांची नावं रंगवावी. पाच जणांची समिती झाली. तिचे सचिव माझेच जुने विद्यार्थी, मोबाईलचं दुकान चालवणारे. तीन रविवार त्यांच्या बैठका झाल्या आणि तिन्ही वेळा भांडणं झाली. एकाने स्वतःच्या साळ्याचं नाव पुढे केलं. दुसरा म्हणाला, मातीवर खेळलेल्यांची आणि मॅटवर खेळलेल्यांची तुलना होऊच शकत नाही, म्हणून दोन संघ करा. तिसरा म्हणाला, दोन केले तर भिंत पुरणार नाही. शेवटी सचिव माझ्याकडे आले. “मॅडम, तुमच्या वहीवरूनच करतो. मंग कोनी बोंबलनार नाही,” असं म्हणाले.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी म्हटलं, नुसती वही वाचून तुम्हाला काही कळायचं नाही, मी गोषवारा काढून देते. आठ दिवस बसून काढला. प्रत्येक नाव, किती सामने, किती चढाया यशस्वी, किती पकडी. स्वच्छ, मोठ्या अक्षरात, पट्टीने रेघा मारून. पकडींच्या यादीत सगळ्यांत वर मिलवाल्यांचं नाव आलं. मी ते माझ्या हाताने लिहिलं. चष्म्याचं कारण मी सांगणार नाही, ठिपके मला दिसत होते. गोषवाऱ्यात ठिपक्यासाठी रकाना नव्हता, एवढंच. बेरीज जुळते की नाही याच्यातच माझं सगळं लक्ष.

पण समितीतले दोघे त्याच्या खांद्याला खांदा लावून खेळले होते. त्यांच्यापुढे तो कागद गेला, त्यांनी ते नाव वाचलं आणि कागद तसाच पुढे सरकवला. मी विसरले. ते विसरले नव्हते. 

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात, दुपारी. समोर ताडपत्र्या, मागे खुर्च्या, एका बाजूला पाण्याचा ड्रम. जुन्या सगळ्या खेळाडूंना निरोप गेले होते आणि ते पाठवणाऱ्याने दरेकसालाही पाठवला होता, पूर्वीसारखाच तोंडी, ‘कबड्डीवाल्याला’ म्हणून. मी मंचावर बसले होते. पहिल्या ताडपत्रीवर तो मला दिसला. केस पांढरे झाले होते, अंगावर इस्त्रीचा सदरा, शेजारी शाळेच्या गणवेशातली त्याची मुलगी. पोरगी तेरा-चौदा वर्षांची असेल. तो आला म्हणून मला आनंदच झाला. निवड गुप्त ठेवली होती, तेव्हा अजूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

माइकवरचा माणूस एकेका खेळाडूचं वर्णन करायचा आणि शेवटी नाव घ्यायचा. डाव्या कोपऱ्याची पाळी आली. त्याने तिरोड्याचा तो सामना सांगितला. एका गुणाची आघाडी, दीडपट गडी, फरफटत नेलं तरी न सोडलेला घोटा, मोडलेली करंगळी. लोक टाळ्या वाजवायला लागले. तो मान खाली घालून ऐकत होता आणि मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग माइकवरून मिलवाल्यांचं नाव आलं.

आणि तो उठला.

उठून त्याने सदरा खाली ओढला, हातातली पिशवी मुलीकडे दिली आणि मंचाकडे दोन पावलं टाकली. त्याच वेळी माझ्या शेजारच्या रांगेतून मिलवाले उठले, हात जोडत. एका नावाला दोन माणसं उभी. आधी कोणाला काही कळलं नाही, मग मागच्या खुर्च्यांतून हसू आलं. कोणीतरी म्हणालं, “ओ काका, बसा ना, तुमाले कायले घाई झाली?” तो थांबला. मग वळला आणि ड्रमकडे गेला, जणू तो पाण्यासाठीच उठला होता. त्याने एक पेला प्यायला, मग दुसरा. मिलवाल्यांना शाल आणि नारळ मिळेपर्यंत तो तिथेच पाठ करून उभा राहिला. मुलगी ताडपत्रीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती कोणाकडेच बघत नव्हती.

मिलवाल्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, खेळात लागतं-बिगतं, त्याचं काही वाटून घ्यायचं नसतं. माइक धरलेल्या त्यांच्या हाताकडे मी बघत होते. बोटं सरळ होती.

मी मंचावरून उतरून ड्रमपाशी जाईपर्यंत बापलेक निघून गेले होते.

कार्यक्रम संपल्यावर मी सचिवांना बाजूला घेतलं. वर्गात घ्यायची तसंच. विचारलं, तुला माहीत होतं की नव्हतं? तो चुळबुळत म्हणाला, “मॅडम, तुमच्याच वहीत हाय ना जी.” मी म्हटलं, वहीत ठिपका आहे. शेवटच्या पानावर त्याचा अर्थ लिहिला आहे. तो म्हणाला, ठिपका भिंतीवर कसा रंगवणार? एवढ्यात मिलवाले शाल सावरत आले. मी त्यांना सरळ विचारलं की हे तुम्ही घेतलंत कसं. ते रागावले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं हसून म्हणाले, “मॅडम, नाम तो मेरा ही था ना. मी नाव दिलं नसतं तं तो खेळला कुठून असता?”

सचिव मध्ये पडले. तो म्हणाला, ठीक आहे, बदलू. पेंटर अजून गावातच आहे. त्याचं नाव काय सांगू?

मी तोंड उघडलं आणि मला आठवलं की मला माहीत नाही. अकरा वर्षं मी त्याला पाणी दिलं, त्याच्या पकडी मोजल्या, त्याच्या करंगळीवर हळद लावली. हाक मात्र मिलवाल्यांच्या नावाने मारली. त्या पटांगणात उभ्या असलेल्या एकालाही त्याचं नाव सांगता आलं नाही. त्या दिवशी मी मिलवाल्यांवर चिडले, समितीवर चिडले, मेलेल्या नवऱ्यावरसुद्धा चिडले. पण घरी येऊन वही उघडली तेव्हा ते सगळं सुंदर अक्षर कोणाचं होतं?

पुढच्या रविवारी वही पिशवीत घालून मी सकाळच्या पॅसेंजरने दरेकसाला गेले. स्टेशनवर कोणाचं घर विचारावं, हाही प्रश्नच होता. मी म्हटलं, वाकड्या करंगळीचा, कबड्डी खेळणारा. एका बाईने लगेच घर दाखवलं.

तो अंगणात कुंपणासाठी बांबू चिरत बसला होता. मला बघून उठला, खाट टाकली. “काऊन आल्या जी मास्तरीनबाई, एवढ्या दूर?”

मी म्हटलं, तुमचं नाव विचारायला आले.

तो हसायला लागला. बराच वेळ हसला. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “आता इचारून राहिल्या का?” ती हसत नव्हती. तिने मला पाणी दिलं, पण तांब्या जरा जोरातच ठेवला, आणि मला ते बरोबरच वाटलं. ती गोंडीत त्याला काहीतरी बोलली. त्याने मला त्याचा अर्थ सांगितला नाही.

त्या दिवशी तुम्ही उठलात, असं मी म्हणायला गेले, तर त्याने मला पुरतं बोलू दिलं नाही. “आंगाले सवय झाली जी. ते नाव आयकलं का पाय उठते.” मग बांबू परत हातात घेत म्हणाला की त्याचं स्वतःचं काही नाही. पण पोरगी आश्रमशाळेच्या संघात कोपऱ्यावर खेळते. निरोप आल्यावर तिने मैत्रिणींना सांगितलं होतं की माझा बाप मोठा खेळाडू होता, त्याचं नाव भिंतीवर लागणार आहे. आता त्या तिला हसतात. ती आठवडाभर सरावाला गेली नाही.

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. मी वही उघडली, शेवटचं पान काढलं आणि ठिपक्याचा अर्थ तिला वाचायला लावला. मग पहिल्या ठिपक्याचं पान उघडून माझं पेन तिच्या हातात दिलं. बाळांनो, त्या वहीत माझ्याशिवाय कोणीही कधी अक्षर काढलेलं नव्हतं. तुमच्या आजोबांनासुद्धा मी वहीला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, इथे तुझ्या बापाचं नाव लिही. ठिपक्यासमोर.

तिने लिहिलं. अक्षर मोठं होतं, रकान्यात मावलं नाही, बाजूच्या चढाईच्या गुणांवर गेलं. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, सगळ्या ठिपक्यांपाशी लिहू का. मी म्हटलं, सगळ्या. तो तिच्या खांद्यावरून बघत एकेक सामना आठवून सांगत होता. इथे पाऊस आला होता, इथे पंच आपल्याच गावचा जावई होता, इथे जेवायला वांग्याची भाजी होती. बायकोही चुलीवरून उठून आली आणि उभी राहिली.

एका ठिपक्याशी त्याने मुलीचा हात धरला. “हे नोको लिवू. त्या दिवशी मले ताप होता. तो दुसराच होता, लांजीकडचा. मले त्याचं नाव नाई मालूम.” त्या सामन्यात पाच पकडी लिहिल्या होत्या. कोणाला कळणार नव्हतं. ती जागा त्याने मोकळी ठेवायला लावली आणि ती आजही मोकळी आहे. ज्यांनी शाल घेतली त्यांच्याबद्दल मी याहून जास्त काही लिहीत नाही.

परत येऊन मी वही समितीपुढे ठेवली. आता नाव होतं, गावही होतं. तर त्यांनी काय काढलं असेल? सातांची नावं आहेत तशी राहू द्यायची, मिलवाल्यांना दुखवायचं नाही, आणि खाली बारीक अक्षरात याचं नाव घालायचं, ‘विशेष सहकार्य’ म्हणून. मंडपवाल्याला लिहितात तसं. मी वही उचलली आणि घरी आले. त्यांनी तिच्यासाठी समाजमंदिरात काचेचं कपाट केलं होतं. मी सांगितलं, कोपरा बदलेपर्यंत वही तिथे येणार नाही. त्या कपाटात आता एक ढाल आणि प्लास्टिकची फुलं आहेत.

मुलगी मात्र सरावाला जायला लागली. मी तिला वहीच्या पानांच्या झेरॉक्स पाठवल्या होत्या, प्रत्येकीवर माझी सही करून. त्या तिने मैत्रिणींना दाखवल्या, असं तिने पत्रात लिहिलं.

आता तुम्हाला कळलं असेल की मी इथे कोणाचंच नाव का घातलं नाही. उसन्या नावांनी आम्ही एवढा घोळ घातला आहे की मला त्यांची शिसारी आली आहे. त्याचं नाव वहीत आहे, त्याच्या मुलीच्या अक्षरात. तुम्ही याल तेव्हा तिथेच वाचा. आणि तुमच्या बॅक पॉकेटबद्दल एवढंच, की नातीने कोणाकडून ऐकलं ते आधी विचारा. ज्याच्याकडून ऐकलं त्याला जाऊन भेटा. रेकॉर्ड नंतर बघा. ते माझ्यासारख्याच कोणीतरी लिहिलेलं असतं.

दर हिवाळ्यात स्पर्धेआधी सचिव वही मागायला येतात. मी दारातच विचारते, कोपरा बदलला का? ते म्हणतात, बघू मॅडम. मी चहा देते, ते पितात आणि जातात. असं चार वर्षं चाललं. गेल्या आठवड्यात आले तेव्हा म्हणाले की भिंतीचे पोपडे निघाले आहेत, नव्याने रंगवायची आहे, तेवढं नाव एका चिठ्ठीवर लिहून द्या. मी चिठ्ठी दिली नाही. म्हटलं, दरेकसाला जा आणि त्याला स्वतः विचार. वाकड्या करंगळीचा म्हण, घर दाखवतील.

सचिवांनी चहा संपवला आणि बशी खाली ठेवली. मग विचारलं, “पॅसेंजर किती वाजता रायते जी, मॅडम?”

मी वेळ सांगितली. तो गेला की नाही, ते मला अजून माहीत नाही. भिंत ओली दिसेपर्यंत मी विश्वास ठेवणार नाही.

तुमची आजी